एका साच्यातले हजार कॉम्प्युटर

दुबईत नव्या कंपनीत रुजू झालेल्या माणसाचा पहिला दिवस सह्या करण्यात जातो. व्हिसाची वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, पगाराचं बँक खातं. दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर लॅपटॉप येतो. नाव आणि पासवर्ड टाकला की ईमेल उघडतं, प्रिंटर सापडतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू होतं. सगळं जागच्या जागी असल्यामुळे त्यामागे कोणाचं किती काम आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हे प्रकरण त्या कामाबद्दल आहे. ऑफिसात शंभर किंवा हजार कॉम्प्युटर उभे करायचे आणि पुढची चार-पाच वर्षं ते धड चालते ठेवायचे, ही एक वेगळी विद्या आहे. घरचा एक लॅपटॉप नीट चालवता येतो म्हणून ती येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत तिची कसोटी जास्तच लागते. इथे एका मजल्यावर केरळ, मनिला, कैरो, लाहोर, ठाणे असे सगळीकडचे लोक बसलेले असतात आणि बहुतेकांचा निवासी व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. माणसं येतात, दुसऱ्या कंपनीत जातात, मायदेशी परततात. 2022 पासून लागू झालेल्या कामगार कायद्याप्रमाणे करार संपल्यावर 14 दिवसांच्या आत कर्मचाऱ्याची सगळी देणी चुकती करावी लागतात. म्हणजे लॅपटॉप परत घेणं, त्यातली कामाची माहिती सांभाळणं आणि तो पुढच्या माणसाला देणं, हे सगळं थोड्या दिवसांत उरकायचं असतं. एकच मशीन आपल्या आयुष्यात तीन-चार जणांच्या हातून फिरतं.

या कामाचे दोन नियम आहेत. पहिला, कोणतंही मशीन पुसून पुन्हा पहिल्यासारखं उभं करता आलं पाहिजे. त्यासाठी सगळी मशीन एकाच साच्यातली हवीत. दुसरा, तो साचा बदलायचा तेव्हा सगळ्या मशीनवर एकदम बदलायचा नाही. पहिला नियम बहुतेकांना पटतो. दुसऱ्याची किंमत कळायला मोठे अपघात घडावे लागले.

सीडीच्या थप्पीपासून ऑटोपायलटपर्यंत

बर दुबईतल्या खालिद बिन अल वलीद रोडला लोक आजही ‘कॉम्प्युटर स्ट्रीट’ म्हणतात. नव्वदच्या दशकात इथल्या छोट्या कंपन्या याच रस्त्यावरच्या दुकानांतून कॉम्प्युटर घेत. आयटीवाला सीडींची थप्पी घेऊन एकेका मशीनसमोर बसायचा: आधी विंडोज, मग ड्रायव्हर, मग ऑफिस, मग अँटीव्हायरस. एका मशीनला अर्धा दिवस सहज जायचा, आणि दहा मशीन केली तर दहाही थोडी थोडी वेगळी निघायची. कोणावर जुना ड्रायव्हर राहिला, कोणाचा टाइम झोन चुकला. पुढे तक्रार आली की आधी हे शोधायचं की हे मशीन बाकीच्यांपेक्षा वेगळं कुठे आहे.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे इमेज. एक मशीन मनासारखं तयार करायचं, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. नॉर्टन घोस्ट या सॉफ्टवेअरमुळे हे काम इतकं रूढ झालं की ‘घोस्ट मारणं’ हे आमच्या धंद्यातलं क्रियापदच झालं. त्या प्रतीतून मूळ मशीनची ओळख काढून टाकायला सिसप्रेप आलं. सीडीऐवजी नेटवर्कवरूनच मशीन बूट करणारं पीएक्सई आलं. विंडोज 2000 बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी आली, आणि एका जागी बसून साऱ्या ऑफिसचे नियम ठरवता येऊ लागले.

इमेजचीही एक पंचाईत होती. तयार केली त्या दिवसापासून ती शिळी व्हायला लागायची. नवं मॉडेल आलं की नवे ड्रायव्हर, महिना गेला की दुरुस्तीचे नवे पॅच. म्हणून 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ऑटोपायलट आणलं तेव्हा विचारच उलटा झाला. कारखान्यातून आलेलं विंडोज पुसायचं नाही; त्यावरच कंपनीचे नियम आणि सॉफ्टवेअर चढवायचं.

हे चालतं कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मशीनच्या हार्डवेअरवरून एक लांबलचक ओळखसंहिता तयार होते. तिला हार्डवेअर हॅश म्हणतात. विक्रेता ती कंपनीच्या नावावर आधीच नोंदवून ठेवतो. खोकं आयटी विभागात न थांबता सरळ अबू धाबीतल्या किंवा फुजैऱ्यातल्या कर्मचाऱ्याकडे जातं. तो मशीन चालू करून वायफायला जोडतो. मशीन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला आपली ओळख सांगतं आणि त्याला उत्तर मिळतं की तू अमुक कंपनीचं आहेस. लगेच पडद्यावर त्या कंपनीचं नाव झळकतं. माणूस लॉगिन करतो आणि एकामागून एक गोष्टी उतरू लागतात: डिस्कचं एन्क्रिप्शन, सुरक्षेचे नियम, ठरलेली सॉफ्टवेअर.

यातली एक खाच नवख्यांना माहीत नसते. ही ओळख मदरबोर्डशी बांधलेली असते. वॉरंटीत मदरबोर्ड बदलून आला की मशीन परकं होतं. जुनी नोंद काढून नवी करावी लागते. उलट बाजूने, जुनं मशीन विकताना नोंद काढायला विसरलं, तर कॉम्प्युटर स्ट्रीटवर ते सेकंडहँड घेणारा कितीही वेळा फॉरमॅट मारो, प्रत्येक वेळी जुन्या कंपनीचाच लॉगिन पडदा समोर येतो.

इथल्या मातीचे नियम

साचा एक असला तरी तो त्या देशाला बेतलेला लागतो. पुण्याच्या ऑफिसात उत्तम चालणारी मांडणी दुबईत जशीच्या तशी चालत नाही.

सुरुवात प्लगपासूनच होते. अमिरातीत ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन दांड्यांचा, आत फ्यूज असलेला प्लग चालतो. भारतात घेतलेल्या लॅपटॉपची गोल दांड्यांची वायर इथल्या भिंतीत बसत नाही आणि मग टेबलाटेबलाखाली स्वस्त ॲडॅप्टर दिसू लागतात. कीबोर्डवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरं हवी असतील तर तेही ऑर्डर देतानाच सांगावं लागतं.

त्याहून फसवी गोष्ट आहे प्रादेशिक सेटिंगची. विंडोजमध्ये अरबीचे देशागणिक प्रकार आहेत. ‘अरबी, सौदी अरेबिया’ निवडलं की तारखांसाठी आपोआप उम्म अल-कुरा हे हिजरी कॅलेंडर लागू होतं. ‘अरबी, संयुक्त अरब अमिरात’ निवडलं तर आपलं रोजचं इंग्रजी कॅलेंडर राहतं. यादीत बोट चुकलं की बिलावर चौदाशे चाळीसच्या पुढचं साल छापलं जातं आणि अकाउंट्स विभाग हिशेबाच्या सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. अमेरिकन सेटिंग राहिलं तर आणखी वाईट, कारण 3 एप्रिलची 4 मार्च होते आणि ती चूक वरवर पाहता दिसतही नाही.

मग येतो फोनचा प्रश्न. व्हॉट्सॲपवरचे कॉल अमिरातीत साधारणपणे चालत नाहीत. इंटरनेटवरून बोलण्यासाठी परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सगळे घरी बसले तेव्हा दूरसंचार नियामकाने मायक्रोसॉफ्ट टीम्स, झूम यांसारख्या सेवांना वाट मोकळी केली. तरी घरच्यांशी बोलण्यासाठी नवा माणूस कुठलं तरी फुकट व्हीपीएन शोधतो आणि ते ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकतो. कंपनीने स्वतःच्या कामासाठी व्हीपीएन वापरायला इथे बंदी नाही. पण आपला नेटवर्क पत्ता लपवून गुन्हा करणं किंवा तो दडवणं याला 2021 च्या सायबर गुन्हे कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहॅम दंड आहे. शिवाय फुकट व्हीपीएन म्हणजे ऑफिसची माहिती अनोळखी सर्व्हरवरून फिरवणं. त्यामुळे सर्वसाधारण कर्मचाऱ्याला ॲडमिन राइट्स न देणं हा इथे पहिल्या दिवसापासूनचा नियम असला पाहिजे. ॲडमिन राइट्स नसतील तर असली बहुतेक सॉफ्टवेअर मशीनवर चढतच नाहीत, आणि परवानगी असलेली ॲप आपणच आधी देऊन ठेवली तर कोणाला ती शोधत फिरावंही लागत नाही.

आणि हवा. ॲपलच्या मॅकबुकसाठी वापराची मर्यादा 35 अंश सेल्सिअस आणि साठवणीची 45 अंश दिलेली असते. दुसऱ्या कंपन्यांच्या पुष्कळ लॅपटॉपचीही वापराची मर्यादा 35 च्या आसपासच असते. जुलै-ऑगस्टमध्ये दुबईत सावलीतच पारा 45 च्या आसपास जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप विसरला तर बॅटरी फुगण्याची वाट मोकळी झालीच. एसीतून बाहेर आल्यावर चष्म्यावर जसं पाणी धरतं, तसंच ते थंडगार मशीनवरही धरतं. बांधकामाच्या साइटवर पोर्टा केबिनमधल्या कॉम्प्युटरच्या पंख्यात वाळूचा थर बसतो. म्हणून साइटवरच्या मशीनची साफसफाई आणि बदली यांचं वेळापत्रक ऑफिसपेक्षा वेगळं ठेवावं लागतं. तिथलं इंटरनेटही बेताचं असतं. अशा ठिकाणी एका मशीनने अपडेट उतरवून घ्यायचं आणि शेजारच्यांनी ते त्याच्याकडून घ्यायचं, ही विंडोजमधली सोय चालू केली की लाइन तुंबत नाही.

16 एप्रिल 2024 चा पाऊस या सगळ्याच्या वरताण होता. अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे एका दिवसाच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला. 1949 मध्ये नोंदी सुरू झाल्यापासून एवढा पाऊस देशाने पाहिला नव्हता. रस्ते बुडाले, लोक घरी अडकले. ज्यांची मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर आल्याशिवाय ना पासवर्ड बदलू शकत होती ना पॅच घेऊ शकत होती, त्यांच्यासाठी कोरोनानंतरची ही दुसरी ताकीद होती. दुबई सरकारने डिसेंबर 2021 मध्ये आपला कारभार पूर्णपणे कागदविरहित झाल्याचं जाहीर केलं. कागद गेल्यावर मशीन बंद म्हणजे काम बंद. त्यामुळे मशीन इंटरनेटवरून कुठेही सांभाळता आलं पाहिजे, ही आता चैन राहिलेली नाही.

मंगळवारची रात्र

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा दुबईत रात्रीचे नऊ किंवा दहा आणि पुण्यात साडेदहा किंवा साडेअकरा. पॅच लावायला उशीर केला तर चोरांना फट मिळते, कारण पॅचबरोबरच भोक कुठे होतं हेही जगजाहीर होतं. घाई केली तर पॅचमधलीच एखादी चूक आख्खं ऑफिस बसवू शकते.

यातून वाट काढायची ती टप्प्यांनी. शितावरून भाताची परीक्षा करावी तसं. बुधवारी पहिला गट: आयटी विभागाची स्वतःची मशीन. दुसरा गट दोन-तीन दिवसांनी, प्रत्येक विभागातून एक-दोन माणसं. ही निवड विचाराने करावी लागते. अकाउंट्समधला असा माणूस हवा जो रोज चेक छापतो. डिझाइनमधला असा हवा ज्याच्याकडे सगळ्यात अवजड सॉफ्टवेअर आहे. आणि एक अरबीत काम करणारा हवाच हवा. फक्त उत्साही लोक घेतले तर प्रत्यक्ष कामातल्या अडचणी वर येतच नाहीत. त्यानंतर आठवड्याभराने बाकीचे सगळे. महिनाअखेरीला पगार काढणाऱ्या मशीनला त्या दिवसांत हात लावायचा नाही.

अमिरातीत या वेळापत्रकाला आठवड्याच्या सुट्टीची जोड असते. 2006 पर्यंत सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, मग शुक्रवार-शनिवार झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. शारजा सरकारने तर शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी ठेवली. भारतात सपोर्टची टीम असलेल्या दुबईच्या ऑफिसांसाठी हा मोठा बदल होता. आधी दोन्हीकडे कामाचे फक्त चार दिवस सामाईक असायचे. आता शुक्रवारी दुपारी दुबई रिकामी होते तेव्हा पुण्यातली टीम अजून कामावर असते. मोठ्या बदलासाठी याहून चांगली वेळ नाही. रमजानमध्ये कामाचे तास रोज दोनने कमी होतात, त्या महिन्यात वेळापत्रक वेगळं लिहायचं.

साचा एक, किल्ल्या वेगळ्या

आता दुसऱ्या नियमाची किंमत शिकवणाऱ्या अपघातांकडे. हजार मशीनवर एकाच वेळी हुकूम सोडण्याची ताकद जितकी सोयीची तितकीच धोक्याची, याचा सगळ्यात मोठा दाखला शेजारच्याच सौदी अरेबियात आहे.

15 ऑगस्ट 2012. रमजानचा शेवटचा टप्पा, सौदी आरामको या तेल कंपनीचे बहुतेक कर्मचारी सुट्टीवर. शमून नावाच्या व्हायरसने कंपनीच्या सुमारे 30,000 कॉम्प्युटरच्या डिस्क पुसून टाकल्या. तेलाचं उत्पादन वेगळ्या यंत्रणेवर असल्यामुळे चालू राहिलं, पण ऑफिस ठप्प झालं. मुख्य सेवा परत सुरू झाल्याचं कंपनीने जाहीर केलं ते 26 ऑगस्टला. शमून एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला तो चोरलेल्या लॉगिनच्या जोरावर, नेटवर्कवरच्या शेअर्समधून. आयटीवाले सॉफ्टवेअर पोचवायला जी वाट वापरतात, तीच त्याने वापरली.

त्यातून शिकण्यासारखं हे की एकसारखेपणालाही एक कुंपण हवं. सेटिंग एक असावीत, सॉफ्टवेअर एक असावं, पण प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा असावा. इमेजच्या काळात सगळ्या मशीनवर एकच पासवर्ड उतरायचा. एक फुटला की सगळी उघडी. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये लॅप्स ही सोय दिली आणि 2023 मध्ये ती विंडोजमध्येच घातली. ती प्रत्येक मशीनसाठी वेगळा पासवर्ड बनवते, ठरल्या मुदतीने बदलते आणि मध्यवर्ती जागी सुरक्षित ठेवते. हे न वापरणारं ऑफिस आज मला दिसलं तर सगळ्यात आधी मी हेच काम हाती घेईन.

दुसरा दाखला 19 जुलै 2024 चा, शुक्रवारचा. अमिरातीत सकाळचे आठ वाजून नऊ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरला एक छोटी फाइल पाठवली. सॉफ्टवेअरला त्यात वीस गोष्टी अपेक्षित होत्या आणि व्याख्या एकवीस गोष्टींची होती. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं. तिथे चूक झाली की मशीनच कोसळतं. चूक लक्षात येऊन फाइल मागे घेईपर्यंत 78 मिनिटं गेली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरातली 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. दुबई विमानतळाच्या टर्मिनल 1 आणि 2 वर काही विमान कंपन्यांचं चेक-इन थोडा वेळ अडलं.

पॅच टप्प्यांनी लावणारी शहाणी ऑफिसंही यात सापडली. कारण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधी घ्यायची हे ग्राहक ठरवू शकत होता, पण या रोजच्या फाइल सगळ्यांना एकदम जात होत्या. नंतर कंपनीने त्याही टप्प्यांनी पाठवायला सुरुवात केली. म्हणून कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला विचारायचं: तुमच्याकडून काय काय आपोआप येतं, आणि त्यातलं काय मी थांबवू शकतो?

दुरुस्ती सोपी होती, पण एकेका मशीनवर हाताने करायची होती: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढून टाकायची. तिथे पोचायला मात्र बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी किल्ली लागत होती, कारण डिस्क एन्क्रिप्ट केलेली. ही किल्ली 48 आकड्यांची, सहा-सहाच्या आठ गटांत. फोनवर एकाने वाचायची, दुसऱ्याने टाइप करायची. या गटांत एक सुंदर युक्ती आहे: प्रत्येक सहा आकडी गटाला 11 ने निःशेष भाग जातो. समजा गट 123453 आहे. 11 गुणिले 11,223. टाइप करताना चुकून 132453 झालं तर 11 ने भाग जात नाही आणि मशीन तिथल्या तिथे तो गट नाकारतं. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले तर ही तपासणी चूक पकडतेच. वेगवेगळ्या उच्चारांत इंग्रजी बोलणाऱ्या ऑफिसात तर ही युक्ती फारच मोलाची. पण त्यासाठी किल्ली सापडायला हवी. ज्या सर्व्हरवर सगळ्या किल्ल्या जपून ठेवल्या तोच निळ्या पडद्यावर अडकलेला असेल, तर काय करणार? किल्ल्यांची एक प्रत त्या यंत्रणेच्या बाहेर असलीच पाहिजे.

निवृत्ती आणि कसोटी

मशीनला मुदत असते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतली पुष्कळ मशीन यादीतून बाहेर पडली. ज्या ऑफिसांनी दरवर्षी एक चतुर्थांश मशीन बदलायचा शिरस्ता ठेवला होता, त्यांना हे जड गेलं नाही. पाच वर्षं काहीच न बदललेल्यांना एकदम सगळ्याचा खर्च आला.

निरोप देताना क्रम चुकवायचा नाही. माणूस जाणार त्या दिवशी आधी त्याचं खातं बंद, मग मशीन ताब्यात, मग त्यावर पुसण्याचा हुकूम. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्ली नष्ट करणं म्हणजेच माहिती नष्ट करणं. 2021 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अमिरातीत हे शिस्तीपुरतं उरलेलं नाही. मशीनच निवृत्त होत असेल तर शेवटी ऑटोपायलटची नोंद काढायची आणि मशीन अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवून पावती घ्यायची.

आपलं ऑफिस या कामात कुठे आहे हे जाणून घ्यायला महागडा सल्लागार लागत नाही. साध्या बुधवारी सकाळी, आधी न सांगता, अकाउंट्समधल्या सगळ्यात अनुभवी माणसाचा लॅपटॉप बाजूला ठेवा आणि त्याला कपाटातलं कोरं मशीन द्या. दुपारच्या जेवणाआधी तो नेहमीसारखं काम करू लागला, तर साचा पक्का आहे. नाही लागला तर काय अडलं ते लिहून घ्या: फक्त त्याच्याच डिस्कवर असलेली एक्सेल फाइल, कोणालाच माहीत नसलेला परवाना क्रमांक, हाताने जोडलेला प्रिंटर. ती यादी हीच पुढच्या तीन महिन्यांची कामं. ती संपली की पुन्हा एका बुधवारी, दुसऱ्या विभागात, हीच परीक्षा घ्या. असा सराव असलेल्या ऑफिसला कर्मचारी अचानक गेला, पूर आला किंवा हजार पडदे एकदम निळे झाले, तरी काय करायचं ते आधीच ठाऊक असतं.